कपाटाच्या दारावरचा फाल्गुन

आप्पा, तुमचं एक म्हणणं खरं होतं, हे सांगायला आज बसले आहे. हसू नका, पण ते माझ्या तोंडून वदवून घ्यायला चारशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज शेतकरी मधे पडावा लागला. तुमच्या लेकीचा हट्ट तुम्हाला ठाऊकच आहे. आई म्हणायची, हिला मऊ करायची तर वालासारखी आदल्या दिवशी भिजत घालायला हवी. मी जरा जास्तच भिजत पडले. पंचेचाळीस वर्षं.

आधी माझं काय चाललंय ते सांगते, नाहीतर तुम्हाला काहीच संदर्भ लागणार नाही. तारापूरच्या कारखान्यातल्या ऑफिसातून मी निवृत्त झाले. बोईसरच्या घरात दोन महिने नुसती बसले, तिसऱ्या महिन्यात घरातल्या माणसाशी भांडायला विषय उरेनात. तेवढ्यात ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणीनं एक काम आणून दिलं. मुंबईत एक छोटी कचेरी आहे, ती परदेशातल्या लोकांना त्यांची घराणी शोधून देते. तिकडच्या चर्चमधल्या जुन्या वह्यांचे फोटो येतात, कोणाचा जन्म, कोणाचं लग्न, कोणाचं दफन. ते अक्षर वाचायचं आणि संगणकावर उतरवायचं. अक्षर म्हणजे काय विचारू नका, मुंगी शाईत पडून कागदावर फिरली असं. पण मी तीस वर्षं साहेबांचं अक्षर वाचलेलं, त्यामुळे मला ते जमलं. तुमचे जावई मात्र चिडवतात, "गोऱ्यांच्या दहा पिढ्या शोधतेस, आणि माझा चष्मा सकाळपासून सापडत नाही!" चष्मा त्यांच्या डोक्यावर असतो.

वर्षभर नुसतं उतरवून दिल्यावर तिथल्या मॅडमनी मला एक घराणं पूर्ण जुळवायला दिलं. केवढी मिरवले मी! ते घराणं एका योमनचं होतं. योमन म्हणजे काय, हे मला तुमच्यामुळे एका क्षणात कळलं. ना जमीनदार, ना मजूर. आपली स्वतःची जमीन, आणि तिच्यात स्वतःच राबायचं. कोणापुढे वाकायचं नाही आणि कोणाला वाकवायचंही नाही. एडवणच्या वाडीत तुम्ही होतात तसाच. त्याचं मृत्युपत्र मिळालं नाही, पण तो गेल्यावर शेजारच्या चार माणसांनी घरात फिरून केलेली सामानाची यादी मिळाली. तिकडे तशी रीतच होती. दोन पितळी हंडे, एक पलंग, चुलीपाशी एक खुर्ची, तीन गाई, कोठारात जव, एक जुनी गाडी. आणि सगळ्यात शेवटी लिहिलंय, "आणि आम्ही विसरलो त्या वस्तू." मी मोठ्यानं हसले. तुम्ही गेल्यावर दादा आणि मी वाडीतली अवजारं मोजत होतो, तेव्हा आम्हीही कोयता विसरलोच होतो. तो तुम्ही माडाच्या बुंध्यात खोचून ठेवला होता, पावसाळ्यानंतर सापडला.

हे घराणं शोधायला सांगितलं होतं एका म्हाताऱ्या बाईंनी. वय शहाऐंशी, तिकडच्याच. मधल्या पिढ्या त्यांनी स्वतःच जुळवून आणल्या होत्या, राहिला होता फक्त सगळ्यात वरचा एक दुवा. त्यांचं पत्र मॅडमनी मला वाचायला पाठवलं. लहानपणी त्यांचे वडील त्यांना त्या योमनच्या जुन्या शेताच्या कडेला घेऊन जायचे आणि म्हणायचे, हे आपलं होतं. वडील बस चालवायचे, जमिनीचा तुकडा कधी नावावर नव्हता, म्हणून सगळे भाऊबंद त्यांना हसायचे. बाईंना एवढंच हवं होतं की वडील थापा मारत नव्हते हे कोणीतरी कागदावरून सांगावं. पाय चालतायत तोवर तिथे एकदा जायचं होतं. बस्स, एवढंच.

आणि आप्पा, मी काय केलं? माझ्याकडे दोन गोष्टी होत्या, वह्यांचे फोटो आणि त्यावरून दुसऱ्या कोणी तरी तारखेनुसार लावून ठेवलेली यादी. फोटो बघायला डोळे फुटतात, यादी कशी छान सरळ. मी यादी घेतली. योमनचं लग्न एप्रिलमध्ये. आणि बाईंच्या ज्या पूर्वजापाशी दुवा अडला होता, त्याचा बाप्तिस्मा, म्हणजे त्यांच्याकडचं बारसंच, फेब्रुवारीत, साल तेच. म्हणजे लग्नाच्या दोन महिने आधी. गावात योमनच्याच नावाचा आणखी एक माणूस होता, दुसऱ्याच्या शेतात मजुरी करणारा. मी म्हटलं, झालं! पोरगा त्या मजुराचा. योमनचा नाहीच. उचलली जीभ लावली टाळ्याला. दोन पानांचा झोकदार अहवाल लिहिला, "सबब सदर जमिनीशी आपल्या घराण्याचा संबंध सिद्ध होत नाही." मॅडम घाईत होत्या, त्यांनी तसाच इंग्रजीत करून पाठवला.

बाईंचं उत्तर दोन ओळींचं आलं. आभार मानले होते. आणि पुढे, "म्हणजे माझे वडील चुकीचं सांगत होते. बरं झालं ते हे ऐकायला नाहीत." मी ते वाचलं, संगणक बंद केला आणि बोंबील साफ करायला बसले. पण ते वाक्य काही सुटेना. जेवताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. तुमचे जावई म्हणाले, "काय झालं गं? मीठ दोनदा पडलंय." मी म्हटलं, "काही नाही." मला माहीत होतं ते वाक्य का चावतंय ते. असंच एक वाक्य मी तुमच्याकडून वदवून घेतलं होतं.

तुमचं कपाट आता माझ्याकडे आहे. दादानं नवं घर बांधलं तेव्हा ते कोणाला नको होतं, मी टेम्पोत घालून बोईसरला आणलं. स्वयंपाकघरात दाराशेजारी ठेवलंय, वरच्या फळीवर पापड, मधल्या फळीवर लोणची आणि खाली सुकटीचा डबा. डाव्या दाराच्या आतल्या बाजूला तुमचं सगळं लिखाण जसंच्या तसं आहे. चौथी शिकलेला माणूस आणि सुताराकडून मागून आणलेली चपटी पेन्सिल! आजोबा कधी गेले, आत्याचं लग्न कधी, विहिरीला पाणी कोणत्या दिवशी लागलं, पानवेली पहिल्यांदा कधी लावल्या, तांबू गाय कधी व्याली. सगळं तिथीनं आणि शकानं. दादाचा जन्म श्रावणातला, तो लिहिलाय. त्याच्या खाली माझा, फाल्गुनातला, पुढच्या शकातला. आणि त्या शकाच्या आकड्यावर खरवडल्याची खूण, आणि वर निळ्या बॉलपेनानं लिहिलेला दुसरा आकडा. तो माझा.

मी आठवीत आहे. दिवाळीची सुट्टी. शाळेत नुकतंच शिकले आहे की शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इंग्रजी साल येतं. चार बुकं शिकलेल्या पोरीला घरात बसवत नाही, ती दिसेल त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवत सुटली आहे. कपाटाचं दार उघडते, दादाचं साल काढते, बरोबर येतं. माझं काढते, आणि दादाच्या पाठीवर मी सातव्या महिन्यात जन्मलेली निघते! मला काय आनंद! आप्पांची चूक सापडली. मी पेन्सिल तासायच्या ब्लेडनं तुमचा आकडा खरवडते आणि त्याच्या पुढचा लिहिते, म्हणजे शाळेच्या दाखल्याशी जुळेल. ओटीवर मामा आलेला आहे, दोन शेजारी आहेत, आई करंज्यांची ताटली घेऊन उभी आहे. आणि मी सगळ्यांसमोर जाऊन सांगते, "आप्पा, तुमी चुकलात. दादानंतर सात महिन्यांत मी कशी होईन? मांजर हाय काय आई?"

मामानं मांडीवर थाप मारली. सगळे हसले. आईसुद्धा हसली, मग तोंडाला पदर लावला. तुम्ही उठून आत गेलात, दार उघडून बघितलंत आणि बाहेर येऊन इतकंच म्हणालात, "वरस पाडव्याला फिरते गो. जानेवारीला नाय." मी नाक वर करून म्हटलं, "गणित ते गणित." मामा म्हणाला, "भावोजी, पोर शिकली, आता तुमचं पंचांग गुंडाळा!" पुन्हा हशा. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत. रागानं नाही, रागानं बघितलं असतंत तर बरं झालं असतं. जरा गोंधळल्यासारखं बघितलंत. मग "आसंल, तुजंच खरं आसंल" म्हणून वाडीत निघून गेलात.

त्यानंतर त्या दारावर तुमच्या हातची एकही ओळ नाही. आजी गेली, दादाचं लग्न झालं, माझं झालं, नातवंडं झाली. प्रत्येक वेळी तुम्ही हाक मारायचात, "तूच लिव गो. माजं चुकते." आणि मी लिहायची. बॉलपेनानं, इंग्रजी तारखा, ठळक. मला वाटायचं बापानं किती मान दिला! माजं चुकते, हे तुम्ही वीसेक वर्षं म्हणत राहिलात, आणि तुमचं काहीही चुकलेलं नव्हतं. फाल्गुन हा आपल्या वर्षाचा शेवटचा महिना. तोवर इंग्रजी साल जानेवारीतच बदलून गेलेलं असतं, आपलं मात्र पाडव्यापर्यंत जुनंच चालतं. म्हणून फाल्गुनातल्या जन्माला अठ्ठ्याहत्तर नाही, एकोणऐंशी मिळवायचे. दादात आणि माझ्यात सरळ दीड वर्षाचं अंतर. तुम्ही लिहिलं होतं तेच बरोबर होतं, आणि मी त्यावर ब्लेड चालवलं.

आता त्या योमनकडे परत येते. त्या बाईंचं उत्तर आल्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी मी वहीचा फोटो उघडला. यादी नाही, फोटो. का उघडला ते नीट सांगता येणार नाही, बहुतेक स्वतःचीच समजूत घालायला. त्या सालाच्या मथळ्याखाली पहिली नोंद मार्चअखेरची. मग एप्रिल, त्यात योमनचं लग्न. मे, जून, असं करत करत डिसेंबर. आणि डिसेंबरच्या खाली, मथळा तोच, साल तेच, जानेवारी. मग फेब्रुवारी, त्यात तो पोरगा. मग मार्च, आणि मार्च संपता संपता खाली एक रेघ आणि नव्या सालाचा आकडा. मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. मग कामाला लागताना कचेरीनं दिलेला नियमांचा कागद शोधला, तो मी चहाच्या डब्याखाली अंथरला होता. त्यात स्वच्छ लिहिलेलं. त्या काळी त्यांच्याकडे नवं वर्ष जानेवारीत नाही, पंचवीस मार्चला लागायचं. कसलासा सण त्यांचा. म्हणजे आपल्या पाडव्याच्या आसपासच की! यादी लावणाऱ्यानं जानेवारी-फेब्रुवारी उचलून वर्षाच्या सुरुवातीला नेऊन ठेवले होते. पोरगा लग्नाच्या दोन महिने आधी नाही, दहा महिन्यांनी झाला होता. घरचा पहिला मुलगा. हातच्या काकणाला आरसा कशाला!

मी तशीच उठून कपाटापाशी गेले आणि डावं दार उघडलं. तुमचे जावई विचारतात, "काय हवंय?" मला काय हवं होतं? मी म्हटलं, "आप्पा." त्यांनी पेपर खाली ठेवला आणि उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. चांगला माणूस बघून दिलात हो, हे तुम्हाला कधी म्हटलं नव्हतं.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "काकू, अहवाल गेला आहे, बाईंची काही तक्रार नाही. आता कशाला उकरताय? नाव कचेरीचं जाईल." मला असा राग आला! म्हटलं, "नाव माझं जाऊ दे. लिहा, चूक कचेरीतल्या काकूनं केली, नियम न वाचता केली. पुन्हा काम दिलं नाहीत तरी चालेल. पण एका माणसाला खोटं पाडलंय आपण, आणि तो उठून सांगायला येणार नाही." मग त्या म्हणाल्या, "तुम्हीच लिहा, मी जसंच्या तसं पाठवते." मी मराठीतच लिहिलं, त्यांनी इंग्रजी केलं. फोटो जोडला, त्या दोन नोंदींभोवती लाल गोल केले. शेवटी लिहिलं, "तुमचे वडील बरोबर सांगत होते. चूक माझी होती." हे दुसरं वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि लिहिल्यावर मात्र असं हलकं वाटलं की मी दुपारी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पाच दिवसांनी त्या बाईंचं पत्र आलं, सोबत एक फोटो. हिरवं ओलं शेत, तारेचं कुंपण, आणि कुंपणाला धरून उभी एक ठेंगणी म्हातारी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, तोंडभर हसू. नातवानं गाडीनं नेलं म्हणे. आणि खाली लिहिलं होतं, तिथून निघून त्या वडिलांच्या कबरीपाशी गेल्या, आणि त्यांना सांगितलं. एवढंच, "मी जाऊन त्यांना सांगितलं." आप्पा, मला रडू आलं. आनंदानं, खरंच आनंदानं, पण हेवाही वाटला. तिला जायला जागा आहे. तुमची राख आम्ही समुद्रात सोडली, मी सांगायला कुठे जाऊ? जिथे तुमचा हात अजून दिसतो अशी माझ्यापाशी एकच जागा आहे, आणि तिच्यात मी सुकट ठेवते.

पाडव्याला दादा आला होता, वाडीतली पानं आणि शहाळी घेऊन. त्याच्यासमोर मी कपाट रिकामं केलं. बॉलपेनाचा तो आकडा ओल्या फडक्यानं जाईना, तेव्हा काचकागदानं हळूहळू घासला. दादा म्हणाला, "आता कशाला खरवडतेस ते? आप्पांना जाऊन किती वरसं झाली. कोन बघते?" मी म्हटलं, "तू बघ. तू साक्षीदार." घासता घासता एक गंमत झाली. तुम्ही पेन्सिल इतकी दाबून लिहायचात की ब्लेडनं शिसं गेलं, पण लाकडातला खळगा गेला नव्हता. तुमचा आकडा तिथेच होता, बोटाला लागत होता. मी चपटी पेन्सिल आणून ठेवली होती, पाचव्या दुकानात मिळाली. त्या खळग्यातून ती नुसती फिरवली. मग दादानं पेन्सिल हातात घेतली आणि खाली त्याच्या नव्या नातीचा जन्म लिहिला, पौषातला, तिथीनं आणि शकानं. लिहिता लिहिता थांबला आणि मला विचारतो कसा, "गो, पौषाला शक जुनाच ना?" मी म्हटलं, "जुनाच. वरस पाडव्याला फिरते." तुमचाच आवाज निघाला माझ्या तोंडून, तो दचकलाच. मग आम्ही दोघं तिथे जमिनीवर बसून हसलो आणि श्रीखंड खाल्लं.

काम अजून आहे बरं का. मॅडमनी दुसरं घराणं दिलंय, हा गडी गवंडी निघालाय. आता मी आधी फोटो बघते. आणि हे पत्र पोस्टात पडणार नाही, तुम्ही म्हणाल शाई फुकट घालवली. कपाटाच्या मधल्या फळीवर जो कागद अंथरलाय त्याच्याखाली सरकवून ठेवीन, वर लिंबाची बरणी. तुम्हाला आवडायचं तेच लोणचं आहे, बिनमिरचीचं.

एक सांगायचं राहिलं, आणि पत्र इथवर आणलं ते त्यासाठीच. सुरुवातीला पंचेचाळीस वर्षं म्हटलं ना, ती मला कळायला लागली नाहीत. कळलं होतं मला दुसऱ्याच वर्षी. नववीत बाईंनी एकोणऐंशीचा नियम फळ्यावर लिहिला आणि माझे कान तापले. त्या दिवशी शाळेतून आले ती दप्तर टाकून थेट वाडीत, तुमच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन. तुम्ही केळीच्या वाळलेल्या सोपाच्या पट्ट्यांनी पानवेली बांधत होतात. पाणी प्यायलात, तोंड पुसलंत आणि माझ्याकडे बघून विचारलंत, "काय गो? काय झाला?" सगळं अगदी जिभेवर आलं होतं. "काय नाय," म्हटलं मी, आणि रिकामा तांब्या घेऊन परत फिरले.